परत आलेलं बाशिंग

कल्याणचा तो हर्षित मला पुन्हा कधी एकटा सापडला ना, तर त्याच्या कानाखाली आवाज काढल्याशिवाय सोडणार नाय. राग माझ्या नाकावर असतो हे अख्ख्या किन्हवलीला ठाऊक आहे. आमच्या गिरणीवर दळण आणणाऱ्या बायका मला 'लहानी' म्हणतात ते तोंडावर, मागं काय म्हणतात तेही मी ऐकून आहे. म्हणू देत. पण हा राग माझ्यासाठी नाय. हा माझ्या थोरल्या जावेसाठी आहे, गोजरवयनीसाठी. तिला रागावताच येत नाय, म्हणून तिच्या वाटचं मीच रागावते.

वयनी सिद्धगडाच्या पायथ्याची. लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा तिच्या पेटीत दोन लुगडी नि तळ्यात उगवणाऱ्या हलक्या भेंडाच्या पांढऱ्या कांड्यांची एक मोळी होती. सासूनं कपाळाला हात लावला होता म्हणे, सुनेनं माहेराहून जळण आणलं म्हणून! पण वयनीला तिच्या आयनं बाशिंगं करायला शिकवलेलं. लग्नात नवरानवरीच्या कपाळावर बांधतात ते बाशिंग. बाजारात चमकीचं मिळतं, पण वयनीचं बघितलं की बाजारचं हातात धरवत नाय. भेंडाच्या पातळ चकत्या कापून त्याची जाईची फुलं, मधे आरसा, कडेनं जर नि खाली मण्यांच्या सरी. काम करताना ती स्वतःशीच गुणगुणते नि मधेच मला हाक मारते, "लहाने, बघ गो, नवरी दिसते का नाय यात?" मी म्हणते, "यात मीपण नवरी दिसन." मग ती पोट धरून हसते.

किन्हवलीत नि आजूबाजूच्या पाड्यांत मागच्या कित्येक वर्षांत जी लग्नं झाली, त्यांतल्या बहुतेकांच्या कपाळावर वयनीचा हात होता. तिला मूलबाळ झालं नाय. पण लग्न लागलं की जोडपं पहिलं देवाच्या पाया पडतं नि मग वयनीच्या. वयनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवते. तो हात लोकांना हवा असायचा. तीच तिची कमाई, असं ती म्हणायची नि खरंच तसं मानायची.

या कामाची एक रीत आहे. नवरीची आई येते नि वयनीच्या हातावर सुपारी ठेवते, दोन्ही नावं सांगते. वयनी ती नावं हळूच उच्चारते नि पहिली गाठ मारते. याला 'नाव घालणं' म्हणतात. एकदा नाव घातलं की ते बाशिंग त्या दोघांचंच, दुसऱ्या कुणी कितीही पैसे दिले तरी नाय. लग्न झालं की बाशिंग घराच्या आढ्याला बांधायचं. ते वर चढलं की मग घरची माणसं नारळ, तांदूळ, खण नि जे काय द्यायचं ते पैसे घेऊन येतात. आधी पैसा मागायचा नाय. मागितला तर बाशिंग विकल्यासारखं होतं.

नि आढ्यावरून बाशिंग उतरतं ते एकाच वेळी. नवराबायकोतलं एक माणूस गेलं की. तेव्हा ते ज्या हातानं बांधलं त्या हाताकडं परत येतं नि त्याच हातानं नदीत सोडायचं. लग्नाच्या वर्षातच असं झालं तर मग बांधणारा हातच वाईट ठरतो. वयनीच्या आयकडं एकदा असं बाशिंग परत आलं होतं. त्यानंतर त्या गावात तिला कुणी सुपारी दिली नाय. शेवटपर्यंत नाय.

आता हे सगळं मोबाइलवरच्या माणसांना काय माहीत!

माझ्या लेकीनं, प्रियांकानं, ती शहापूरला कॉलेजात जाते, वयनीच्या बाशिंगांचे फोटो काढून टाकले. लोक वेडे झाले. ठाणा, डोंबिवली, पुणं, कुठून कुठून मेसेज. प्रियांकाला अभ्यास, म्हणून ते सगळे मेसेज माझ्या फोनवर आले. देवा, काय एकेक नमुने! कुणी 'हाय' म्हणतं, भाव विचारतं नि गायब होतं. कुणी म्हणतं, "आजींचा व्हिडिओ पाठवा ना, करताना." पाठवला की तो बघून दुसऱ्याकडून करून घेतं. एकीनं तर पैसे भरल्याचा फोटो पाठवला, खोटा! बँकेत जाऊन विचारलं तेव्हा कळलं. मी घरी येऊन शिव्या घातल्या, इतक्या की गोठ्यातली म्हैस कान टवकारून बघायला लागली.

"वयनी, निम्मे पैसे आधी घ्यायचे. मगच सुपारी नि फिपारी."

"नाय गो, लहाने. लग्नाआधी पैसा नको."

"ते गावात. ही माणसं गावातली हायेत का?"

"माणसं ती माणसंच."

मी गिरणीचा पट्टा चढवला नि दळण टाकलं. रागात दळलेलं पीठ जाड येतं, त्या दिवशी सगळ्यांनी तक्रार केली.

मग आली ही कुणाली. होळी होऊन गेलेली. फोनवर गोड गोड. "काकू, आम्हाला अगदी ऑथेंटिक हवंय. हर्षितच्या आईंचं माहेर धसईचं आहे ना, त्यांना सरप्राइज द्यायचंय." धसई म्हणजे मुरबाड तालुका, आपलीच माणसं. वयनी खूश झाली. "सुपारी कशी देनार ती?" तर कुणालीनं सुपारीचा फोटो पाठवला. वयनीनं मोबाइल तळहातावर घेतला, त्या फोटोला नमस्कार केला नि नावं घातली. कुणाली. हर्षित. मी बघत होते. मला हसू आलं, ते पदरात दाबलं.

दोन्ही बाशिंगं नि मुंडावळ्या असा सगळा सरंजाम तिनं केला. डोळ्यांना पाणी येईस्तोवर बसली. लग्नाच्या आठवडाभर आधी आमी पार्सल पाठवलं. पोचल्यावर कुणालीचा मेसेज, बदामांची नुसती रांग. लग्न झालं. चार दिवस गेले, मी विचारलं, "बाई, पैशाचं?" तर, "हो काकू, आज करते." मग, "अहो, फिरायला आलोय, बघते." मग, "बघू." मग माझा फोनच लागेना. मला ब्लॉक केलं होतं, हे प्रियांकानं सांगितलं. तळपायाची आग मस्तकात गेली. वयनी म्हणते, "नवी नवरी हाय, विसरली असंल."

आता पुढचं नीट ऐका, कारण सगळा घोळ इथं झाला.

खालच्या पाड्यातली भिमी तिच्या दीपिकाच्या लग्नाची सुपारी घेऊन आली. नवरा नसलेली बाई, रानातली करवंदं नि लाकूडफाटा विकून एकुलती एक पोरगी वाढवलेली. लग्न वैशाखात, तोंडावर आलेलं. ओट्यावर चहा झाला. भिमीनं वयनीच्या हातावर सुपारी ठेवली. ती नावं सांगणार, एवढ्यात पार्सलवाला फटफटी घेऊन दारात. खोक्यावर कल्याणचा पत्ता.

वयनीचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू! "बघ लहाने, म्हटलं नव्हतं? नारळ नि खण धाडला पोरीनं!" सुपारी मांडीवर ठेवून तिनं लगबगीनं खोकं फोडलं.

आत बाशिंगं. हळदीचा हात लागलेली. जरीत अक्षता अडकलेल्या. नारळ नाय, चिठ्ठी नाय, काय नाय.

वयनी एकदम छाती पिटायला लागली, "गेला गो! पोरीचा नवरा गेला गो!" मी म्हणते, "अगो थांब, फसवलंय तुला, पैसे बुडवायला परत धाडलंय." पण मी म्हणत असताना माझ्याही मनात तेच आलं होतं, खोटं कशाला बोलू? फोन लागत नव्हता ना. घातलेलं बाशिंग परत पाठवणारं माणूस आमच्या कुणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

या सगळ्यात भिमी उठली. वयनीच्या मांडीवरची सुपारी तिनं उचलली, पदराच्या टोकाला बांधली नि पायऱ्या उतरून गेली.

संध्याकाळपर्यंत बातमी सगळ्या पाड्यांवर. गोजरीकडं बाशिंग परत आलं. लग्नाला महिना नाय झाला नि परत आलं. गिरणीवर बाया माझ्याकडं बघायच्या नि दळणाच्या डब्याकडं बघायच्या. वयनीनं डोक्यावरून पाणी घेतलं, कुणाली तिच्या रक्ताची असल्यासारखं सुतक धरलं. जेवेना. बाशिंगं नदीत सोडायला पण तिचा हात होईना. नुसती हाताकडं बघत बसायची. "माझ्या आयसारखंच झालं. दीपिकाच्या कपाळाला आता माझा हात नाय लागायचा, लहाने." तिला पैशाचं काय पडलेलं नव्हतं. तिचा हात गेला होता, बस.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "त्या पोरीला भेटून येऊ. एकटी पडली असंल." म्हणजे बघा! पैसे बुडवणारीचं सांत्वन करायला ही निघाली. मी म्हटलं चल. मला खात्री करून घ्यायची होती, नि खात्री झाली की काय करायचं तेही ठरवलं होतं. खोक्यावरचा पत्ता होताच. मुरबाडला गाडी बदलली नि कल्याण गाठलं. वयनीनं पिशवीत ती बाशिंगं घेतलेली, वरून फडकं.

पाचवा मजला. बेल वाजवली. दार उघडलं ते कुणालीनंच. गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा, कानाला फोन. आतून पुरुषाचा आवाज, "कोण आहे गं?"

"तुझा नवरा..." वयनी दारातच अडखळली. "नवरा हाय ना गो तुझा?"

"म्हणजे?"

आतून तो आला. हर्षित. अर्धी चड्डी, हातात वेफर्सची पिशवी. टुणटुणीत. वयनी रडायला लागली. त्याच्या तोंडावरून हात फिरवून तिनं कडाकडा बोटं मोडली. "हायस रे बाबा, हायस. माझी दोन्ही पोरं सुखात हायेत!" तो मागं सरकला. "कोण आहेत ह्या?"

"ह्या होय?" मी म्हटलं. "तुमी जिचं बाशिंग बांधून लग्न लावलं नि मग वापरलेल्या कपड्यासारखं परत धाडलं, ती ही!"

कुणालीचं तोंड उतरलं. पण हा शहाणा हसला हो, हसला! "अच्छा, ते होय. काकू, एका दिवसापुरतं तर होतं. त्याचे एवढे पैसे कोण देतं? सगळे असंच करतात. शेरवानीसुद्धा आम्ही घालून परत केली. तुमचा माल तुम्हाला परत मिळाला ना? मग विका की दुसऱ्याला."

मी काय काय बोलले ते इथं सांगत नाय. शेजारच्या दोन्ही दारांतली माणसं बाहेर आली एवढं सांगते. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात म्हणाले, तेवढंच लिहिण्यासारखं.

आवाज ऐकून आतून त्याची आई आली, ओल्या हातांनी. वयनीनं पिशवीतलं फडकं बाजूला केलं. बाईनं बाशिंगं बघितली नि भिंतीला धरलं. धसईची ना ती. तिला कळलं. "हे परत कुणी पाठवलं?" कुणाली हर्षितकडं बघायला लागली. "हर्षित, मी विचारते, कुणी पाठवलं? मला म्हणालास भाड्यानं आणलं होतं!" तिनं बाशिंगं उराशी धरली नि वर बघितलं. वर सगळं पांढरंशुभ्र छत नि गोल दिवे. आढं कुठून येणार तिथं?

"आई, तू पण ना," म्हणत त्यानं मोबाइल काढला. दोन बोटं फिरवली. "झालं. पैसे टाकले. डबल टाकलेत. विषय संपला?"

माझ्या फोनवर टिंग वाजलं. वयनीनं तिकडं बघितलंही नाय. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचा आवाज चढलेला ऐकला.

"विषय नाय संपला. मी तुला मेला समजून आंघोळ केलीय रे. तुझ्या बायकोचं कुंकू पुसलं म्हणून मी तीन दिस अन्न नाय शिवले. माझ्या गावात आज मी वाईट हाताची झालेय. पैसे ठेव तुझे. तुमी दोघं माझ्यासंगं चला. भिमीच्या दारात उभी ऱ्हावा नि तिला दिसू द्या. एवढंच कर. दीपिकाच्या लग्नाच्या आधी."

कुणाली म्हणाली, "आजी, आज नाही जमणार हो, मीटिंग आहे. वीकेंडला बघू."

बघू! परत तोच शब्द. मी दात खाल्ले. पण त्याच्या आईनं वयनीचे हात धरले, "मी पाठवते त्यांना, बाय. माझा शब्द." वयनीनं तिच्यावर विश्वास ठेवला. मी नाय ठेवला.

शनिवारी वयनीनं ओटा सारवला. नवी साडी नेसून बसली. भाकऱ्या जास्तीच्या टाकल्या, सुक्या बोंबलाचं कालवण केलं, जोडप्यासाठी दोन खण काढून ठेवले. मुरबाडकडून गाडी आली की मान उंच करायची. रविवारी पण तशीच. कुणी आलं नाय. हर्षितच्या आईचा फोन आला, रडवेली झालेली, "ऐकत नाहीत हो माझं. म्हणतात, पैसे दिले ना." मला त्या बाईचा राग नाय आला. तिच्या घरात तिचंच काय चालत नव्हतं.

सोमवारी, हळदीच्या आदल्या दिवशी, मी डोकं लढवलं. प्रियांकाला पकडलं, तिच्या फोनवरून त्या कुणालीला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला नि फोन तसाच धरून तरातरा भिमीच्या अंगणात गेले. "बघ गो भिमे, ही नवरी. नि हा तिचा नवरा, हलतोय, बोलतोय, बघ! हात हलव रे!" हर्षितनं कंटाळून हात हलवला.

भिमीनं फोन जवळ घेऊन बघितलं. वाईट बाई नाय ती. मग म्हणाली, "मोबाइलात काय गो, लहाने. माझा भाऊ मरून दोन वर्सं झाली, तोपन नाचतो यात. पोरी लावतात तेवा." नि तिनं आतून आणून दाखवलं, शहापूरच्या बाजारातलं चमकीचं बाशिंग. "माझी एकच पोर हाय. मी कशी करू? सांग तूच." मी परत आले नि गिरणी बंद करून बसले.

दीपिकाच्या लग्नाला वयनी गेली. मी म्हटलं नको जाऊ, तर म्हणाली, "पोरीनं बोलावलंय." मांडवात मागं, बायकांच्या पण मागं बसली. अक्षता पडल्या. देवाच्या पाया पडून जोडपं निघालं. भिमी दीपिकाच्या कानाशी काहीतरी बोलली, पण पोरगी ऐकेना. नवऱ्याला ओढत सगळ्या बायकांमधून वाट काढत ती थेट वयनीपुढं आली नि वाकली.

वयनीनं दोन्ही हात पदराखाली घेतले. घट्ट धरले. दीपिका वाकलेलीच, वाट बघत. "काकी, हात ठेव ना गो." वयनी तिला तोंडानं म्हणाली, "सुखी ऱ्हा, बाय, सुखी ऱ्हा." हात काढला नाय.

परत येताना मी रस्त्यातच तिला धरली. "असं का केलंस? तुला ठाव हाय ना तो मेला जिवंत हाय!"

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "त्यांना नाय ना ठाव. उद्या पोरीचं डोकं जरी दुखलं तरी ती माझा हात आठवतील. नको गो, लहाने."

ती पुढं चालायला लागली. हात अजून पदराखालीच होते. माझ्या पिशवीतला फोन वाजला. कुणालीचा मेसेज, नव्या नंबरवरून. 'काकू, या वीकेंडलाही जमणार नाही, सॉरी. पण पेमेंट मिळालं ना?'

मी रस्त्यात उभी राहिले, वयनीच्या पदराखालच्या हातांकडं बघितलं नि लिहिलं, 'नाय.'